पाया पडून बघा

मंगरूळपीरच्या बसस्टँडजवळ भाड्यानं शेरवानी देणारा एक जण आहे. त्याच्या दुकानात आरसा नाही. नवरदेवानं शेरवानी चढवली की हा खुर्चीत बसतो, दोन्ही पाय पुढे करतो आणि म्हणतो, "पडा पाया."

भाच्याला घेऊन गेलो तेव्हा मी विचारलं, "हे कायले?"

"उभ्या माणसाले कोनताही कपडा बसते, भाऊ," तो शिवणीकडे बघत म्हणाला. "लग्नात दिवसभर वाकावं लागते."

माझ्या लग्नात मी अकोल्याहून महागाचा कोट विकत आणला होता. आरशात राजा दिसलो. मांडवात मात्र शिवण उसवेल म्हणून सासऱ्यांच्याही पाया पडलो नाही. कोट अजून नवाकोरा आहे, आणि सासरी मी अजून घमेंडी जावई आहे.