नसलेल्या भिंतींचं मोजमाप

तलावात जाणाऱ्या घरांची किंमत काढायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मला त्याचं काहीच वाटलं नाही. मी नांदेडचा, नुकताच ओव्हरसियर झालेलो आणि स्वतःला जरा जास्तच शहाणा समजणारा. लातूर जिल्हा नवा झाला होता. कचेरीत बसायला खुर्च्या पुरत नव्हत्या आणि निम्मे कागद अजून उस्मानाबादेतच होते. त्यात दुष्काळ. देवणीच्या बाजूला आमच्या तलावाच्या बांधावर रोज शेकडो माणसं राबायची आणि त्यांना प्यायला पाणी टँकरनं आणावं लागायचं.

किंमत काढायची रीत सरळ होती. भिंती मोजायच्या, छत मोजायचं, दर लावायचा. मग तो आकडा पटतो का हे बघायला आसपास तशाच घरांच्या तीन विक्री शोधून फॉर्मातल्या तीन रकान्यांत भरायच्या. मेख इथंच होती. खेड्यात घर विकतो कोण? दुय्यम निबंधकाच्या कचेरीत दोन दिवस धूळ खाल्ली तेव्हा कुठं चार खरेदीखतं हाती लागली. त्यातली दोन भावाभावांतली. एक घर विकलेलं, ते आढ्यात साप निघतात म्हणून. तरी माळवदाची घरं सगळीकडं सारखीच असतात, दगडी भिंती, वर मातीचं सपाट छत, पुढं बैलांची जागा. त्यामुळं इकडचं तिकडं लावून माझं भागलं. आठवड्याभरात गाव मोजून झालं.

एकच घर उरलं, गावाबाहेर टेकाडाच्या अंगाला. कोतवालाला वाट विचारली तर तो हसायलाच लागला.

"त्येंचं काय मोजता साहेब? तितं घर हायच कुटं?"

टेकाड लाल जांभ्या दगडाचं होतं आणि त्याच्या पोटात एक साधं लाकडी दार होतं. आत पाऊल टाकलं आणि मी जागीच थांबलो. बाहेर उन्हानं डोळे दुखत होते, आत इतका गारवा की अंगावर काटा आला. समोर ऐसपैस खोली. मधे दोन खांब, पण ते कुणी उभे केलेले नव्हते, भोवतालचा दगड काढून तेवढे राखले होते. भिंतीतूनच निघालेला ओटा, त्यावर घडी घातलेल्या गोधड्या. चुलीच्या वर थेट टेकाडाच्या माथ्यापर्यंत धुराची वाट. ज्वारी ठेवायला जमिनीत कोठी आणि तिच्यावर नेमकं बसणारं दगडी झाकण. कोनाड्यात बुद्धाची वीतभर मूर्ती, तीही त्याच दगडातली. कुठं सांधा नाही, चुना नाही. अख्खं घर एका दगडाचं. मी कुणी न सांगता चपला काढल्या आणि टेप हातात धरून तसाच उभा राहिलो. मला भरून आलं होतं, आणि का ते आजही नीट सांगता यायचं नाही.

घरात म्हातारा-म्हातारी दोघंच, सगळं गाव त्यांना मामा-मावशी म्हणायचं. मामांनी जन्मभर विहिरी खांदल्या होत्या. इथंही ते कापायचे आणि मावशी पाटीनं दगड बाहेर न्यायच्या.

"आमी घर बांधायलाच दगड काढाय लागलो बगा," मावशी म्हणाल्या. "मग हा मागाय आला, तो मागाय आला. देत गेलो. पाच-सात वर्सांनी बघतो तर घर बांधायची गरजच न्हाई."

"किती वर्षं लागली सगळ्याला?"

"झालंय कुटं अजून?" मामांनी मागच्या खोलीत अर्धवट कापलेला कोनाडा दाखवला. "हा दगड कापताना मऊ असतो, साहेब. वारा लागला की कडक होतो. म्हनून दमानं करायलोय."

मी फॉर्म उघडला. भिंतींचं बांधकाम, नाही. छत, नाही. लाकूड, एक दार. आपल्या मोजमापाच्या पुस्तकात बांधलेल्या गोष्टीला दर असतो. इथं तर सगळं काढून टाकलेलं. माझ्या हिशेबानं त्या घराची किंमत एका दाराएवढी होती. मावशींना मी ते सांगितलं. त्या चिडल्या नाहीत. त्यांनी खाली गावाकडं बोट दाखवलं.

"त्या समद्या भित्तींचे पैसे लावलेत न्हवं तुमी? ते दगड हितूनच गेल्यात, लेकरा."

मग मात्र मी हट्टाला पेटलो. तसल्या घराची एक तरी विक्री सापडावी म्हणून निलंगा, उदगीर, पार देगलूरपर्यंत फिरलो. कचेऱ्यांतले कारकून दस्त काढायच्या आधी माझ्याकडं नीट बघून घ्यायचे. एकानं तर विचारलं, "लेणं विकत घ्यायचंय का?" कुठंच काही मिळालं नाही. परत येताना एसटीच्या खिडकीतून बघतो तर वाटेत जागोजागी विहिरींची कामं चाललेली. दुष्काळात दुसरं काय होणार? आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. विहीर! विहीर म्हणजे तरी काय, काढून टाकलेला दगडच की. तिला दर आहे, तिच्या नोंदी आहेत, तुलनेला एक सोडून तीस विहिरी आहेत.

दुसऱ्या दिवशी मी ते घर विहीर म्हणून मोजलं. खोली खोली करत किती दगड निघाला ते काढलं, विहीर खांदायचा दर लावला आणि तीनही रकाने झोकात भरले. रक्कम गावातल्या कुठल्याही माळवदापेक्षा वरचढ आली. वरिष्ठांनी पाठ थोपटली. पैसे आले तेव्हा मावशींनी मला गूळ-शेंगदाणे दिले. मी हवेतच होतो.

मग नव्या गावठाणातल्या प्लॉटची यादी लागली. ज्याचं घर बुडणार त्याला एक प्लॉट. यादीत मामांचं नाव नव्हतं. मी तडक लातूर गाठलं आणि साहेबांशी भांडायच्या तयारीनंच आत शिरलो. त्यांनी शांतपणे फाइल उघडून माझ्यापुढं सरकवली. अक्षर माझंच होतं. विहीर, एक. घर, निरंक.

"विहीर बुडाली तर प्लॉट देत नाहीत हो," ते म्हणाले.

चाळीस वर्षं दोघं ज्या घरात राहिली ते घर मी माझ्या हुशारीनं कागदावरून पुसून टाकलं होतं. दुरुस्तीचा अर्ज केला. तो उस्मानाबादेला गेला, परत आला, पुन्हा गेला. तोवर पहिला बरा पाऊस होऊन तलावानं पाणी धरलं. लोक आपापल्या घरांची दारं, तुळया, दगडसुद्धा गाडीत घालून घेऊन गेले. मामांना दार सोडून न्यायला काहीच नव्हतं.

त्यांना तोंड कसं दाखवावं या विचारात मी नव्या गावठाणावर गेलो. तिथल्या घरांच्या नोंदी करायचं काम माझ्याकडंच होतं. दोघं गावामागच्या टेकाडापाशी भेटली. शेताला नालायक म्हणून ते कुणी घेत नव्हतं, यांनी विहिरीच्या पैशातून घेतलं होतं. दगड तोच, लाल. मी यादीचं सांगितलं, चूक माझी आहे हेही सांगितलं. मामांनी ऐकून घेतलं.

"प्लॉट घिऊन काय करायचं साहेब?" ते म्हणाले. "सपाटीला घर कसं करायचं ते आमाला येतच न्हाई."

मग ते बाजूला झाले. मागं कड्यावर कोळशानं चौकट ओढलेली होती, पुरुषभर उंच. मावशींनी ओढलेली. बुडीत घरातून आणलेलं दार पायथ्याशी टेकवून ठेवलं होतं आणि पहार त्याला लावून उभी होती. साठी उलटलेली ती दोन माणसं पुन्हा पहिल्या घावापासून सुरू करणार होती, आणि त्यांच्या चेहऱ्यावर त्याचं काहीही नव्हतं. मला त्या कड्यापेक्षा ती दोघंच मोठी दिसली.

"एक करा," मावशी म्हणाल्या. "ह्या बारीला आदी कागदावर घर लिवा. मग आमी खांदतो."

मी नोंदवही उघडली. समोर नुसता दगड आणि कोळशाची रेघ. मी लिहिलं, घर, एक, राहतं, दार पूर्वेला, आणि खाली सही केली. मामांनी पहार उचलली.