फल्ली जमिनीतून निघाली तेव्हा

वाटूरला आमच्या ओट्यावर त्या सकाळी भुईमुगाची उपटलेली झाडं येऊन पडली आणि माझं जेवणच बंद झालं. सत्तावन्न-अठ्ठावन्न सालची गोष्ट... मी जैन मारवाड्यांची नवी सून, चौथा महिना चालू.

पोटात काही ठरत नव्हतं. वरण नको, भात नको, दुधाचा तर वासही नको. आदल्या वर्षी गर्भ टिकला नव्हता, त्यामुळे घरात सगळ्यांचं लक्ष माझ्या ताटाकडे.

एकच गोष्ट पोटात राहायची... ज्वारीची भाकरी आणि सासूबाई लसणाशिवाय कुटायच्या ती फल्लीची चटणी. तिच्यावरच जगत होते म्हणा ना.

आमच्याकडे कांदा, लसूण, बटाटा, जमिनीखालचा कुठलाही कंद वर्ज्य. आणि माझं माहेर जालन्याच्या बाजारातलं. दाणे पोत्यातून येतात, पोतं दुकानातून येतं, त्याच्या मागे काय असतं ते कोणाला ठाऊक! गावातले लोक भुईमूग म्हणायचे, त्यांच्या नावातच भुई. आम्ही म्हणायचो फल्ली. मी आपली समजत होते, चवळीसारखी वेलाला लोंबत असेल...

शेजारच्या गयाबाईंनी वानवळा आणला होता. शेतात नवं काही निघालं की शेजारी द्यायचंच, ही रीत. बिचारीने प्रेमाने झाडंच आणली, मुळांसकट. खाली माती आणि मातीत शेंगा.

मी हातातला घास खाली ठेवला. कोणी काही म्हणालं नव्हतं, पण हात तोंडाकडे जाईना. पुढचे दोन-तीन दिवस नुसत्या भाकरीवर काढायला गेले, तर तीही उलटून पडली. मला फार भीती वाटली, खरं सांगते.

सासरे धान्याचे व्यापारी, त्यांना सगळं माहीत. "सगळे खातात, त्यात काय?" एवढं बोलून ते दुकानात गेले. सासूबाईंना ते उत्तर पुरलं नाही. पाणीसुद्धा गाळून, उकळून पिणारी बाई... इतकी वर्षं आपण विचारलंच नाही, हे त्यांना लागलं होतं.

त्यांनी गयाबाईंना गाठलं. "चला तुमच्या वावरात. मला डोळ्यानं बघायचंय."

"आवो, आख्खं गाव खाऊन राह्यलं, अन् तुम्हाला आता शंका आली?"

"गावाचं गावापाशी. मला बराबर समजू द्या."

मीही मागे मागे गेले. पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून सासूबाई खाली बघत चालायच्या, त्यामुळे वाट काही संपेना.

गयाबाईंनी एक उशिरा फुललेलं झाड दाखवलं. पिवळं फूल सुकलं की त्याच्या बुडातून दोऱ्यासारखी आरी निघते, ती वाकून मातीत शिरते आणि तिच्या टोकाला शेंग धरते.

"मंग ही मुळी न्हाई?" सासूबाईंनी विचारलं.

"बिलकुल न्हाई. फुलातून निघती अन् खाली जाती."

सासूबाईंनी ती आरी बोटाने हलवून बघितली, बराच वेळ. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "वरच जन्मली. खाली नुसती पिकायला गेली. बीनणी, तुला चालते."

त्या दिवशी मी पोटभर जेवले आणि फाल्गुनात मुलगी झाली. सुखरूप.

पुढे कधीतरी माझ्या लक्षात आलं, सासूबाईंच्या ताटात चटणी नसते. पोह्यांतले दाणेसुद्धा त्या वेचून बाजूला ठेवायच्या. मुलगी रांगायला लागली तेव्हा धीर करून विचारलं, तुम्हीच तर चालते म्हणालात ना...

"तुला चालते म्हणाले," त्या म्हणाल्या. "माझी शंका कुठं गेली?"

हल्ली इथे मोबाइलवर काय खावं, काय खाऊ नये यावर रोज हमरीतुमरी चालते. मी वाचते आणि पुढे जाते. सासूबाईंइतकं मोठं मन मला या वयातही जमलेलं नाही.

त्यांनी मरेपर्यंत दाणा तोंडात घातला नाही... आणि हात चालत होते तोवर माझी चटणी त्यांनी दुसऱ्या कोणाला कुटू दिली नाही.