आधी जागं झालेल्याला हात लावू नका
गायकवाड सर्व्हर चालू करायचे तेव्हा खोलीत कुणी खोकलेलंही त्यांना खपत नसे. बटण दाबायचं, हात पाठीमागे बांधायचे आणि पडद्यावर धावणाऱ्या ओळींकडे एकटक बघत उभं राहायचं. कुणी "झालं का?" विचारलं की म्हणायचे, "उठायलंय की. उठणाऱ्याला घाई करू नये."

लातूरच्या आमच्या कोचिंग क्लासमध्ये मी फिजिक्स शिकवायची आणि सरावपरीक्षांचं लचांडही माझ्याच गळ्यात होतं. कंप्युटर सांभाळायचे गायकवाड. औशाकडचे, भूकंपात घर गेलेले. त्याबद्दल मात्र चकार शब्द काढत नसत. कंप्युटरबद्दल विचारलं, तर समोरचा चहा गार होईपर्यंत बोलायचे.

"ह्या मशीनच्या पोटात डिस्कच न्हाई, मॅडम," त्यांनी मला एकदा सांगितलं. "डिस्क हाय पलीकडच्या खोलीत, वायरीनं जोडलेली. मशीन चालू झालं की पयले एक बारका प्रोग्राम उठतो आन् डिस्क धरून ठेवतो. मग मोठी सिस्टिम उठते. ती आली की आधीच्या समद्यांना घरी पाठवते. ह्याला पाठवलं की डिस्क सुटली, खेळ खलास. म्हणून ह्याच्या नावाआधी ॲटची खूण लावलीय. खूण दिसली की ती ह्याला हात लावत न्हाई."

मी मान डोलावली. माझ्या तासाला मुलं डोलावतात, तशीच.

पुढे महिन्याभरानं ते एक दिवस रजेवर असताना परीक्षेची वेळ बदलायला मी सर्व्हरवर शिरले आणि मशीन चालू होताना कोण कधी उठणार, हे लिहिलेली त्यांची फाईल उघडली. एका नावाच्या आधी ॲट. ईमेलमधलं चिन्ह इथं कशाला? शिक्षकाचा हात, चूक दिसली की शिवशिवतो. मी ती खूण खोडून टाकली आणि स्वतःवर खूश होऊन घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या तुकडीत कोण बसणार, हे ठरवणारी परीक्षा होती. किनवट, मुखेडहून एसटीनं आलेली मुलं दारात उभी. गायकवाडांनी बटण दाबलं. ओळी धावल्या आणि मध्येच थिजल्या. त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

"फाईल कुणी उघडली होती?"

"मी. नावाआधी ते ॲट चुकून पडलंय असं वाटलं. काढलं."

गायकवाड खुर्चीत बसले. आता खरडपट्टी निघणार म्हणून मी मान खाली घातली. पण त्यांनी पिशवीतून अडलेलं मशीन उठवायची सीडी काढली, मशीनमध्ये सरकवली आणि ती सुरू होईस्तोवर पडद्याकडे बघतच बोलू लागले.

"भूकंपाच्या पहाटे आमच्या घरात पयले वडील जागे झाले. मातीचं माळवद, घराचं छत, खाली आलं तवा त्यांनी तुळई खांद्यावर घेतली. तुळईखाली माझी बहीण व्हती, माई. मी बाहेर फेकला गेलो व्हतो. परत आलो तर धुरळ्यात निस्ते वडिलांचे पाय दिसले. वाटलं, अडकलेत. समदा जोर लावून ओढलं त्यांना."

मशीनमध्ये सीडी घरघरू लागली, तरी ते बोलतच होते.

"ते वरडत व्हते, 'सोड, सोड.' मला वाटलं, दुखतंय म्हणून. ते बाहेर आले आन् तुळई खाली बसली."

इतकी वर्षं हा माणूस रोज सकाळी बटण दाबून कशाकडे बघत उभा राहायचा, ते आत्ता माझ्या डोक्यात शिरलं.

गायकवाडांनी फाईल उघडली. त्यांनी खूण जागेवर घातली, सीडी काढली, मशीन पुन्हा चालू केलं. ओळी या वेळी न अडखळता खालपर्यंत गेल्या. बाहेर मुलांना आत सोडा म्हणून कुणीतरी ओरडलं.

"गायकवाड, माझं फार चुकलं," मी म्हणाले.

"वडील त्यानंतर लई वर्षं जगले, मॅडम," ते म्हणाले. "मला एका शब्दानं बोलले न्हाईत. मी तुम्हाला कोण्या तोंडानं बोलू?"