बंद यंत्र पाटावर बसत नाही

सोमवारी सकाळी माझा नवरा दुकानात गेला. अकरा वाजता शेजारच्या दुकानदाराचा फोन आला. डॉक्टरांनी हृदय थांबल्याचं सांगितलं. संध्याकाळी त्याला नेलं.

आदल्या दिवशी रविवार होता आणि त्यानं ट्रक चालवला होता. टाकी रिकामी करायची राहून गेली होती. हे माझ्या लक्षात यायला आठ महिने लागले.

हा ट्रक रिमोटवर चालतो. लांबीला हातभर आहे, पण त्याला खेळणं म्हटलेलं नवऱ्याला चालत नसे. त्यात बॅटरीची मोटर नाही, लिंबाएवढं खरं इंजिन आहे. ते मिथेनॉल, नायट्रो आणि तेल यांच्या मिश्रणावर चालतं, निळसर धूर सोडतं, आणि आमच्या अंगणात सुरू केलं की समुद्रपूरच्या बसथांब्यावरचे लोक मान वळवून बघतात. नवऱ्याचं फवारणी पंपांच्या दुरुस्तीचं दुकान होतं. नागपूरच्या एका मित्राकडून त्यानं हा ट्रक जुना विकत घेतला आणि पहिल्याच रविवारी तो इथे कसा चालणार नाही हे त्याला कळलं.

ट्रक बनवणाऱ्यांनी कापूस पाहिलेला नव्हता. गावातल्या कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या मागच्या मोकळ्या जागेत हिवाळाभर कापसाचे तंतू उडत असतात. ते हवेच्या फिल्टरवर बसले की इंजिन दम लागल्यासारखं घुसमटायचं. त्यानं फिल्टरवर माझ्या जुन्या नायलॉनच्या ओढणीचं टोपरं शिवलं. दर फेरीनंतर ते झटकायचं. काळी माती चाकांत गच्च बसायची, म्हणून ऑइलच्या रिकाम्या डब्याचे मडगार्ड कापले. रिमोटचं ऐकणारी छोटी डबी त्यानं धूळ-पाणी लागू नये म्हणून फुग्यात कोंबून फुग्याचं तोंड बांधलं. एकदा रिमोटचा संपर्क तुटला आणि ट्रक पूर्ण वेगानं थेट गवताच्या गंजीत घुसला. त्यानंतर संपर्क गेला तरी वेग आपोआप खाली यावा म्हणून त्यानं थ्रॉटलला एक स्प्रिंग जोडली. ती माझ्या पेनातली होती. मी महाविद्यालयात ग्रंथपाल आहे, माझ्याकडे पेनं पुष्कळ असतात. त्या महिन्यात एकही धड उघडमीट करत नव्हतं.

ट्रकबरोबर आलेलं माहितीपुस्तक त्यानं कधी उघडलं नाही. तो मान तिरकी करून इंजिनाचा आवाज ऐकायचा आणि कार्बोरेटरची सुई केसभर फिरवायचा.

श्रावणात घर आवरताना सासूबाईंनी ट्रक कपाटावरून खाली काढला. मी तो कापडात गुंडाळून ठेवला होता. टाकीतलं इंधन चिकट पिवळं झालं होतं. मी सुरू करायची दोरी ओढली, ती जागची हलेना. इंजिन आतून जाम झालं होतं.

आमच्याकडे दसऱ्याला यंत्रांची पूजा होते. सासऱ्यांनी घालून दिलेला नियम असा, की पाटावर फक्त चालू यंत्र ठेवायचं. दुरुस्तीला आलेले पंपसुद्धा दसऱ्याच्या आदल्या दिवशी सुरू करून बघितले जायचे. जो सुरू होणार नाही तो मागच्या खोलीत. नवऱ्याचा ट्रक तीन वर्षं पाटावर बसला होता.

सासूबाई ट्रककडे बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "दसऱ्यापर्यंत चालू झाला तं आपला. नाई तं नागपूरवाल्याले देऊन टाकू. तो तरी चालवन. मुर्दा करून कपाटावर नको ठेवू वं."

मला ते लागलं, आणि पटलंही. दीड महिना हातात होता.

मी माहितीपुस्तक वाचायला घेतलं. बारीक इंग्रजी अक्षर होतं. मी त्यात खुणेच्या चिठ्ठ्या घातल्या, काही पानांची टिपणं काढली. जाम झालेलं इंजिन गरम करून हळूहळू सोडवावं, असं त्यात होतं. किती आणि कशानं, ते नव्हतं. मी पुन्हा पुन्हा तेच पान वाचते आहे हे पाहून सासूबाईंनी विचारलं, काय लिहिलं आहे. मी सांगितलं.

"म्हणजे शेक द्याचा," त्या म्हणाल्या. "मंग वाचून काय राह्यली?"

त्यांनी तव्यावर जाडं मीठ तापवलं, कापडात पुरचुंडी बांधली आणि बाळंतिणीच्या कमरेला द्यावा तसा इंजिनाला शेक दिला. मी वरून तेलाचे थेंब सोडत होते. तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ. तिसऱ्या संध्याकाळी दोरी एकदम सैल होऊन माझ्या हातात आली आणि मी मागच्या मागे बसले. सासूबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. आठ महिन्यांत त्या पहिल्यांदाच हसल्या, आणि त्यांना पाहून मीही.

इंजिन सुटलं तरी सुरू करता येत नव्हतं. जुनं इंधन मी ओतून दिलं होतं, नवीन नागपूरहून यायचं होतं. एका दुपारी मी महाविद्यालयातून परतले तर अंगणात ट्रक धुऊनपुसून ठेवलेला, टाकी काठोकाठ भरलेली, आणि सासूबाईंच्या चेहऱ्यावर लपवता न येणारं समाधान. दुकानात गिऱ्हाइकांना पेट्रोल आणि ऑइल मिसळून देण्यात त्यांचा हात तीस वर्षांचा. मापाशिवाय घातलेलं ऑइलही बरोबर निघायचं. तेच मिश्रण त्यांनी सकाळी ट्रकला पाजलं होतं.

मी दोरी ओढ ओढ ओढली. रात्रीतून इंधनाची नळी फुगून मऊ पडली आणि सकाळी टाकीखाली डाग होता. नागपूरच्या मित्राला फोन केला. टाकीत काय आहे, असं त्यानं विचारलं आणि मी सांगितलं. मग म्हणाला, "वहिनी, हे पेट्रोलवर नाही चालत. नळी गेली. बाकीचं धुऊन काढा, कदाचित वाचेल."

सासूबाईंना सांगताना मी शब्द जपून वापरले. त्या तरीही खजील झाल्या, आणि खजील झाल्यावर त्यांना राग येतो. "मले काय मालूम? सारे इंजिन हेच पेतात. तुह्या नवऱ्याचंच एवढं नखऱ्याचं." मग आत गेल्या, आणि जरा वेळानं आतूनच म्हणाल्या, "त्यानं मले कधी सांगतलंच नाई वं. इचारलं बी नाई मी."

दसऱ्याला चार दिवस उरले होते. नवी नळी, तापून इंजिन पेटवणारा नवा ग्लो प्लग आणि इंधनाचा डबा एसटीच्या पार्सलनं आला. टाकी मी दोनदा धुतली. आवाजावरून सुई लावणं मला येत नाही. पुस्तकात दिलेले फेरे मोजून मी ती बसवली.

दसऱ्याच्या सकाळी पाट मांडलेला होता. त्यावर दोन पंप, पान्यांचा संच आणि माझ्या विनंतीवरून ग्रंथालयाचा जुना तारखेचा शिक्का. ट्रक अंगणात. मी ग्लो प्लग तापवला, दोरी ओढली. सहा वेळा काही नाही. सातव्यांदा फट असा एक आवाज, आणि पुन्हा गप्प. सासूबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. मी सुई पाव फेरा मोकळी केली. हे पुस्तकात नव्हतं. नवव्या ओढीला इंजिन पेटलं आणि तो कर्कश आवाज अंगणभर झाला.

मी रिमोट सासूबाईंच्या हातात दिला. त्यांनी बोट लावताच ट्रक सुसाट सुटला आणि झेंडूच्या ढिगातून आरपार गेला. तोरणासाठी आणलेली फुलं अंगणभर झाली. त्यांनी बोट उचललं आणि ट्रक वाट चुकल्यासारखा थांबला. मग त्या वाकल्या, इंजिनावर पाण्याचा एक थेंब टाकला आणि तो किती वेळात उडतो ते भाकरीचा तवा बघावा तसं बघितलं.

"बरोबर तापला हाय," त्या म्हणाल्या. "बसव पाटावर."

इंजिनाचा चटका बसू नये म्हणून मी तो पदरानं धरून नेला. त्यांनी कुंकू लावलं.

ट्रक नागपूरला गेला नाही. दर रविवारी आम्ही तो जिनिंगच्या मागे नेतो, आणि घरी आल्यावर टाकी मी रिकामी करते. नवरा नाही. आम्ही दोघी आहोत, आणि ट्रक चालतो.