युनिक्सला व्हायरस लागत नाही

हे वाक्य मी किती जणांना ऐकवलं असेल, देवच जाणे. नव्वदच्या दशकातली गोष्ट. सुरतेत कम्प्युटर कळणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी आहेत आणि त्यातलं पहिलं बोट माझं, अशी माझी ठाम समजूत होती. भांडवल काय, तर सहा महिन्यांचा कोर्स आणि खिशाला दोन पेनं. पर्वत पाटिया भागात साड्यांची डिझाइनं करणाऱ्या एका ऑफिसात मला नोकरी लागली, तेव्हा आई डिंडोलीतल्या आमच्या गल्लीत सांगत फिरली, "मना आंडोर कम्प्युटरवर बसस!" आंडोर, म्हणजे तिचा हा मुलगा, लगेच घराबाहेर खानदेशी बोली टाकून शुद्ध मराठीत बोलायला लागला.

ऑफिसात दोन मशीनं होती. एकावर डॉस ही साधी प्रणाली. त्यावर एक गुजराती सहकारी पत्रं आणि बिलं टाइप करायचा. हा गडी सकाळी अगरबत्ती लावून झाली की आधी व्हायरस तपासायचा आणि संध्याकाळी सगळ्याच्या प्रती फ्लॉपीवर काढून कपाटात ठेवायचा. मी त्याला भित्री भागूबाई म्हणायचो. दुसरं मशीन माझं, युनिक्सचं. "तुझं डॉस म्हणजे धर्मशाळा, कोणीही शिरावं. इथं परवानगीशिवाय चिटपाखरू येत नाही," असं मी त्याला दिवसातून एकदा तरी सुनवायचो. हे मी एका मासिकात वाचलं होतं. अर्धाच लेख वाचला होता, पुढचा कंटाळवाणा वाटला.

आणि ऑफिसात होते आबा. आमच्याच गल्लीतले, खानदेशातून तरुणपणी आलेले. ग्राफच्या कागदावर एकेक चौकोन रंगवून ते साडीची किनार काढायचे. एक चौकोन म्हणजे एक धागा. तीस वर्षांचे असे कागद त्यांनी घरी एका पेटीत जपले होते आणि पेटीला वाळवी लागली होती. ते कागद उन्हात घालून घालून आबा थकले.

मी लगेच पुढे झालो. "आबा, मी सगळं माझ्या मशीनमध्ये भरतो. तिथं वाळवी नाही आणि व्हायरसही नाही."

चार महिने मी चौकोन भरत होतो. शेवटचा कागद झाला तेव्हा आबांनी विचारलं, "मंग हाई रद्दी टाकी देऊ ना?"

"बिनधास्त टाका," मी म्हणालो.

"तू सांगी राह्यना म्हणजे खरंच व्हई." त्यांनी त्याच रविवारी पेटी रिकामी केली.

सहकाऱ्याने मला विचारलंही, प्रती काढल्यास का? मी म्हटलं, प्रत काढायची म्हणजे फ्लॉपी घालायची आणि फ्लॉपी म्हणजे डॉसची घाण. माझं मशीन सोवळ्यात आहे. काय ती अक्कल! आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

पुढे ते सोवळं मोडलं तेही मीच. एका गिऱ्हाइकाच्या फ्लॉपीत सहकाऱ्याला व्हायरस सापडला. तो ती मोडून टाकणार, तेवढ्यात मी ती त्याच्या हातातून हिसकावली. "आण इकडं. माझं युनिक्स हिला कसं पचवतं ते बघ!"

"रेवा दे ने, भाई," राहू दे म्हणत तो मागे लागला. पण मी कसला ऐकतोय. फ्लॉपी घातली. काही झालं नाही. कुस्ती मारल्यासारखा मी ऑफिसभर फिरलो आणि त्या तोऱ्यात फ्लॉपी आतच विसरलो. दुपारी लाईट गेली. परत आल्यावर मशीन सुरू केलं, तर पडद्यावर इंग्रजीत कसलीशी कुरकुर आली. मी फ्लॉपी काढली, एक बटण दाबलं, युनिक्स हजर. "बघितलंस?" मी सहकाऱ्याला म्हटलं.

दोनेक आठवड्यांनी एका सकाळी मशीन सुरूच झालं नाही. इंजिनियर आला, दिवसभर खटपट करून घामाघूम झाला आणि मग त्याने मला त्या लेखाचा उरलेला अर्धा भाग समजावला. युनिक्स भक्कमच आहे, पण मशीन सुरू होताना सगळ्यात आधी फ्लॉपी वाचतं. तेव्हा युनिक्स अजून उठलेलंही नसतं. तेवढ्यात व्हायरस डिस्कवर जाऊन बसला, गप्प राहिला आणि त्याचा ठरलेला दिवस आला तशी त्याने डिस्क पुसली.

"प्रत असेल ना?" इंजिनियरने विचारलं. मी सहकाऱ्याच्या कपाटाकडे बघितलं. त्याचं डॉस शेजारी मजेत चाललं होतं.

आबांना सांगायला मला दोन दिवस लागले. "पुसाई गयं? सगळं?" एवढंच ते म्हणाले. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग आम्ही डिंडोलीत घरोघर फिरलो. आबांच्या किनारीच्या साड्या बायकांनी ट्रंकांतून काढून दिल्या, माझ्या आईने तर अख्खी ट्रंक पालथी केली. आबा भिंग लावून धागे मोजायचे, मी ग्राफवर चौकोन भरायचो. बरीच डिझाइनं अशी परत आली. आबांची सगळ्यात पहिली किनार, पानांच्या वेलीची, ती मात्र आली नाही. तिची एकच साडी विणली होती, त्यांच्या बायकोसाठी. तिला शेवटचं नेलं ते त्याच साडीत. मागे उरला होता तो कागद, आणि मी म्हणालो होतो, बिनधास्त टाका.

आबा ती किनार आठवून काढायला बसले. वेल जमली, पानं जमली. मग ब्रश थांबला आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, आशेने.

"भाऊ, तूच भरेल व्हतात ना त्या चौकोन? सांग मंग, पानना देठ कितला चौकोनना व्हता?"

तो कागद मी तीन दिवस समोर ठेवून भरला होता. एकेक चौकोन, माझ्या या बोटांनी.

"माले याद नही, आबा," मी म्हणालो.