आतून लागणारी कडी

चावीअक्का कोणत्याही नव्या खोलीत शिरल्या की आधी दार लोटून आतून कडी घालायच्या आणि बाहेर जो कोणी असेल त्याला ओरडून सांगायच्या, "ढकला पाहूं!" माझ्या लग्नाला आम्ही पुण्याहून कुंभकोणमला पोचलो, तेव्हा बाहेर उभे होते माझे बाबा. दोन्ही हातांत बॅगा, अंगावर प्रवासाचा घाम, आणि आतून एक अनोळखी बाई ढकला म्हणतेय! बाबांनी बिचाऱ्यांनी खांदा लावला. दार हललं नाही. "हो, बरी आहे," असा आतून निकाल आला आणि मग कुठे आम्हाला खोली मिळाली.

कुंभकोणमला पिढ्यान्‌पिढ्या राहून अजून जुन्या वळणाची मराठी बोलणाऱ्या मंडळींचं एक चत्रम् आहे, म्हणजे लग्नकार्यासाठी बांधलेली धर्मशाळा. तिच्या सगळ्या खोल्यांच्या चाव्या अक्कांच्या कमरेला असत. खोकणारे काका तान्ह्या बाळापासून लांब, न बोलणाऱ्या जावा दोन टोकांना, अशी त्यांची वाटणी. आणि माडीवरची शेवटची खोली नव्या जोडप्याची, मग पाहुण्यांत कोणी का असेना. एका लग्नात नवरदेवाचे मामा गुडघा दुखतो म्हणून तीच खोली मागायला लागले. अक्का म्हणाल्या, "गुडघ्यास माडी कशास? खाली झोपा." मामा खाली झोपले. अक्कांना जाऊन आता दोन वर्षं होतील, पण असं तोंडावर बोलणारं माणूस मला त्या गावात दुसरं भेटलं नाही.

लग्नानंतर काही महिने माझा नवरा श्रीधर आणि मी त्याच्या घरूनच काम करत होतो. घर मोठं, माणसं प्रेमळ. आमच्या खोलीला दारही होतं. पण देवाच्या भांड्यांचं कपाट नेमकं त्याच खोलीत, त्यामुळे सासूबाई पहाटे पाचला समई घ्यायला आत यायच्या आणि जाताना "झोपा, झोपा" म्हणायच्या. आम्हाला निदान एकदा, दोघांनीच, कुठेतरी लांब जायचं होतं. भूमध्य समुद्रातलं क्रीट बेट ठरलं होतं. राहायचं कुठे, एवढंच ठरेना. निवांत बसायची जागा म्हणून मी संध्याकाळी लॅपटॉप घेऊन चत्रमात अक्कांच्या टेबलाशी जायची, आणि हळूहळू ती निवड माझ्या हातातून त्यांच्याकडे गेली.

समुद्र त्यांनी एकदाच, नागपट्टिणमला पाहिलेला. म्हणून काही अडत नव्हतं. मला पहिलं आवडलं होतं ते कड्यावरचं पांढरंशुभ्र घर, गच्चीत पोहायचा छोटा तलाव, समोर निळं पाणी. अक्कांनी फोटो जवळ ओढला. "ही वर वाट दिसते ना? ही माणसे कोठे पाहतात?" मी पाहिलं. वरच्या पायवाटेवरची सगळी माणसं खाली त्या गच्चीतच पाहत होती. "हे महामहम तळे झाले," अक्का गावातल्या पायऱ्यांच्या तीर्थाचं नाव घेऊन म्हणाल्या. "गांव पायऱ्यांवर बसले आणि खाली एकटा स्नान करतो." कड्यावरचं घर गेलं.

दुसरं हॉटेल अगदी हनिमूनवाल्यांचंच. पलंगावर गुलाबाच्या पाकळ्यांचा बदाम काढलेला. मला वाटलं, आता तरी खूश होतील. अक्का म्हणाल्या, "फुले कोणी टाकली?"

"हॉटेलची माणसं टाकतात, अक्का. आपण बाहेर गेलो की."

"मग त्याजपाशी दुसरी चावी आहे. नको."

तिसऱ्या ठिकाणी न्हाणीघराच्या भिंती काचेच्या होत्या. तिथे त्यांनी नुसता माझा हात माउसवरून बाजूला केला. शेवटी पसंत पडलं ते ऑलिव्हच्या बागेतलं जुनं दगडी घर. जाड भिंती, एकच दार, लाकडी झडपा, आणि मालकीण राहते दुसऱ्या गावात. तरी एक शंका उरलीच. मला इंग्रजीतून पत्र लिहून विचारावं लागलं की दाराला आतून कडी आहे का. लाजेनं माझे कान तापले होते. मालकिणीनं दुसऱ्या दिवशी कडीचाच फोटो पाठवला, चांगली मनगटाएवढी लोखंडी. अक्कांनी तो मोठा करून पाहिला आणि म्हणाल्या, "ह्या बाईस कळते."

इकडे घरात वेगळाच बेत शिजत होता. श्रीधरच्या घरी आठ माणसांच्या खाली कोणी कुठे गेलेलं नाही. नवग्रहांची देवळं करायची तरी एक व्हॅन, डबाभर चिंचभात आणि सगळं घर. त्यामुळे सासूबाईंनी अगदी आनंदानं क्रीटमध्ये चार खोल्यांचा बंगला शोधला. आम्ही दोघं, सासू-सासरे, आत्या आणि त्यांचे यजमान, दोन धाकटे दीर. "एवढ्या लांब परत कधी जाणार?" त्या म्हणाल्या. चटणीपुड्या कुटूनही झाल्या होत्या. त्यांच्या मनात काडीचंही वाईट नव्हतं, आणि म्हणूनच मला ओरडावंसं वाटत होतं. श्रीधर गप्प. पुण्यात मी चांगली फटकळ म्हणून प्रसिद्ध होते, तिथे माझी वाचा बसली.

चत्रमात एक दिवस मंडळींचं जेवण होतं. सासरे तिथले अध्यक्ष. केळीच्या पानांवर ताकभात आला तेव्हा त्यांनी कौतुकानं मोबाइलवरचा बंगल्याचा नकाशा अक्कांपुढे धरला. "अक्का, खोल्या तुम्हीच वांटा. कोण कोठे झोपेल ते सांगा."

अक्कांनी डावा हात पुढे करून मोबाइल घेतला, नीट पाहिला. "ह्या खोलींत ही दोघे."

"बरे. आणि बाकीच्या तीन?"

"बाकीच्या तिन्हींस कुलूप. तुम्ही सगळी कुंभकोणांत झोपा."

पंगतीत कोणीतरी फस्सकन हसलं. सासूबाईंचे डोळे भरले. सासऱ्यांचा चेहरा लाल. ते म्हणाले, "अक्का, तुम्ही चत्रमच्या चाव्या सांभाळितां, आमचे घर नव्हे."

"लग्न केले म्हणजे त्यांस एक दार द्यावे लागते. देत नाही म्हणतां, तर लग्न कशास केले?"

"मग चाव्या ठेवा तेथे."

अक्कांनी आधी ताकभात संपवला. हात धुतले, पुसले, कमरेचा जुडगा सोडून सासऱ्यांच्या पानाशेजारी ठेवला आणि पदर खोचून बाहेर गेल्या. श्रीधर त्यांच्या मागोमाग उठला. मला वाटलं, त्यांना परत बोलवायला गेला. तो अक्कांच्या टेबलाशी गेला, तिथे ठेवलेला माझा लॅपटॉप उघडला आणि ओल्या हातानं ऑलिव्हच्या बागेतलं घर दोघांच्या नावानं नक्की करून आला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आम्ही दोघेच जातों." त्या क्षणी तो मला फार आवडला. पण अक्कांच्या चाव्या परत द्या, हे आम्हा दोघांपैकी कोणीही म्हणालं नाही. त्याची लाज मला आजही वाटते.

क्रीटहून परत आल्यावर मी जवळच्या नाचियार्कोविलची बस पकडली. अक्का तिथे भाच्याकडे राहायला गेल्या होत्या. भाचा पितळी समया घडवतो. मला वाटलं होतं, पडलेल्या चेहऱ्यानं बसल्या असतील. छे! तीन आठवड्यांत त्यांनी भाच्याची समया ठेवायची खोली रिकामी करून त्याच्या नव्यानं लग्न झालेल्या मुलाला आणि सुनेला देऊन टाकली होती. समया सगळ्या बैठकीत, आणि रांगेच्या कडेला अक्कांची चटई. भाचा ओट्यावर एका समईला कानस घासत होता आणि आमच्याकडे पाहतही नव्हता.

माफी मागायला मी तोंड उघडलं, तर त्यांनी हातानंच थांबवलं. समुद्र कसा होता, काय खाल्लं, काही विचारलं नाही. विचारलं ते असं, "भांडलात का?"

मी गडबडले. "हो. तिसऱ्या दिवशी. रस्ता चुकलो म्हणून. खूप भांडलो, अक्का. मी तर मोठ्यानं रडले."

"तो ओरडला?"

"चांगलाच."

"मध्ये कोणी पडले?"

"कोण पडणार? आम्हीच मिटवलं, संध्याकाळपर्यंत."

अक्कांनी डोळे मिटून मान हलवली, पोटभर जेवल्यासारखी. मग तिकडच्या तमिळ लाडाच्या हाकेनं म्हणाल्या, "मी सात वर्षे संसार केला, कण्णू. घरांत चौदा माणसे, झोपणे सगळ्यांचे एका ओळींत. ते माझ्याशी आईसमोर बोलत तेवढेच बोलत. मग ते गेले. ते रागावले म्हणजे कसे बोलत, ते मला माहीत नाही. हसत कसे, तेही नाही."

मी त्यांचा हात धरला. ती आमची शेवटची भेट ठरली, पण तेव्हा ते कुठे ठाऊक होतं!

तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज चढले. आधी सुनेचा, मग मुलाचा, मग दोघांचा एकदमच. कसलं तरी भांडं पडलं. भाच्यानं कानस खाली ठेवली आणि तो उठला.

"बैस," अक्का म्हणाल्या.

"अक्का, अहो, गल्ली ऐकत्ये!"

"ऐको. दार त्यांचे आहे. बैस."

भाचा बसला. आणि आम्ही तिघं, भर दुपारी, त्या ओट्यावर, आतली दोघं मनसोक्त भांडतायत ते ऐकत राहिलो.