पहाटेच्या हवेचा हट्ट

माझ्या बायकोला, सुमनला काय झालं होतं, असं कुणी विचारलं की मी तिच्या माहेरच्या चुलीचं सांगायचो. खरं सांगणं इतकी वर्षं टाळलं. आता लिहितो, कारण हीच चूक अजून कुणाच्या घरी चालू असेल.

हिमायतनगरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "घरात सिगारेट कोण ओढतं?"

"ह्यांना चहाचं व्यसनसुद्धा मीच लावलं," सुमन म्हणाली.

स्पायरोमेट्री झाली. म्हणजे एका नळीत जीव खाऊन फुंकायचं, हवा किती वेगानं बाहेर पडते ते यंत्र मोजतं. सुमन अर्ध्यातच खोकत बसली. निदान झालं सीओपीडी. यात श्वासनळ्या सुजून अरुंद होतात आणि पुन्हा पूर्ववत होत नाहीत. मी हादरलो. विडीला कधी हात न लावलेल्या बाईला हा आजार?

लहानपणी स्वयंपाक कशावर व्हायचा, हे डॉक्टरांनी विचारलं. तिचं माहेर बिदरकडचं, शेतकऱ्याचं. चुलीत कापसाच्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुराट्या. सुरुवात तिथं झाली असेल, ते म्हणाले. पण या दोन हिवाळ्यांतच एवढं का वाढलं? सकाळी काय करता?

मी अभिमानानं सांगितलं, निवृत्त झाल्यापासून हिला रोज पहाटे विद्यानगरहून विद्यापीठाच्या रस्त्यानं फिरायला नेतो. थंडीतही खाडा नाही.

"अंकल, सुबू की हवा साफ रहती बोलके आपकू कौन बोले?" डॉक्टरांनी त्यांच्या दखनी हिंदीत विचारलं.

मग त्यांनी समजावलं. हिवाळ्यात गार हवा जमिनीलगत साचते. गाड्यांचा, जाळलेल्या कचऱ्याचा धूर तिच्यात अडकतो आणि ऊन वर येईपर्यंत हलत नाही. शिवाय गारव्यानं श्वासनळ्या आखडतात. अशा रुग्णाला बाहेर काढायला ती सर्वांत वाईट वेळ.

मला आमची रोजची पहाट आठवली. रस्त्याकडेला पाल्याचे ढीग धुमसत असायचे. तिथं सुमन नाकाला पदर लावून थांबायची. "अहो, आज नको ना. छातीत शिट्टी वाजतेय."

"बसून बसून गंजलीयस," मी म्हणायचो. "चाल, आपोआप मोकळं होईल."

त्याच थंडीत तिला दाखल करावं लागलं. तोंडावर बायपॅप, म्हणजे दाबानं हवा आत ढकलणारा मास्क. शहरातल्याच गौलीगुड्याहून तिचा धाकटा भाऊ वसंत थर्मास घेऊन आला. "दाजी, कशानं झालं हो हे?"

डॉक्टरांचं सगळं बोलणं मला पाठ होतं. तरी मी म्हणालो, "तुमच्या घरच्या चुलीनं. पोरीला धुरात बसवलंत तुम्ही लोकांनी."

वसंतची मान खाली गेली. "आई गेली होती, दाजी. दुसरं कोण करणार होतं?"

सुमन जागी होती. मास्कवरून तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, आश्चर्य होतं. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं मला असं कधी पाहिलं नव्हतं.

ती घरी आली. इनहेलर, लस आणि चालायचं ते घरातल्या घरात किंवा ऊन वर आल्यावर. उन्हाळ्यात दुपारी बाहेर पडायचं नाही, उष्म्यानंही अशा रुग्णाचा श्वास कोंडतो. तुमच्या घरी कुणी "आज नको" म्हणालं तर तो आळस समजू नका.

पुढचा प्रत्येक उन्हाळा तिला जड गेला. एकदा वाफ घेता घेता थांबून म्हणाली, "वसंताला खरं सांगा हो. तो स्वतःला खातोय."

"सांगतो," मी म्हणालो.

ती मे महिन्यात गेली. तेराव्याला आलेल्या प्रत्येकाला वसंत सांगत होता, "आमच्याच चुलीनं नेली ताईला." मी शेजारीच बसलो होतो. नातेवाईक त्याची समजूत घालत होते आणि माझी पाठ थोपटत होते.

त्यानंतर मी गौलीगुड्याला कितीदा तरी गेलो. वसंतनं चहा दिला, तब्येत विचारली, रिक्षापर्यंत सोडायला आला. गेल्या वर्षी तोही गेला.

वसंतराव, ती नको म्हणत होती. तिला धुरात मी चालवलं.